मान्यता आणि संबंध : आंतरराष्ट्रीय राजकारणाची तोंडओळख

(सिनेगॉगच्या सभागृहात शाब्बाथ संपल्यानंतर दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेले शब्दांकन)



सेक्रेटरीसाहेबांनी मला बोलावणे धाडले तेव्हा त्यांच्या मनात रक्तदाब किंवा मधुमेह हा विषय असावा. त्या दोन्ही विषयांवर मी याच जागी उभी राहून बोलले आहे, आणि त्यानंतरही आपल्या चहात किती साखर पडते ते मी दर आठवड्यास पाहते. म्हणून या वेळी मी विषय बदलून मागितला.

माझी नात विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकते. एके दिवशी तिने मला विचारले, "आजी, भारताने आपल्या देशाला १९५० मध्ये मान्यता दिली आणि दूतावास उघडला तो १९९२ मध्ये. मधल्या काळात काय झाले?" माझ्या तोंडून उत्तर निघून गेले, "मधल्या काळात माझी आई वारली." ते उत्तर तिला उमगले नाही, आणि उमगण्याचे काही कारणही नव्हते. ते पुरे करावे म्हणून मी तिची पुस्तके मागून घेतली आणि दोन हिवाळे वाचीत बसले. माझ्यापाशी केवळ परिचारिकेची पदविका आहे. तेव्हा या विषयातील जाणकार कोणी येथे बसले असतील तर त्यांनी माझी चूक मला जरूर दाखवावी.

राजांचे वकील, तह, खलिते हे सारे फार प्राचीन आहे. आपल्या राजांच्या ग्रंथांतही ते आहे. परंतु विद्यापीठात शिकण्याचा विषय म्हणून याचे वय लहान आहे. त्याचे पहिले अध्यासन १९१९ मध्ये वेल्समधील ॲबेरिस्टविथ या गावी स्थापन झाले. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते, आणि असा संहार पुन्हा होऊ नये यासाठी राष्ट्रांच्या वागणुकीचा अभ्यास करावा, असा त्यामागील हेतू होता. पुढे वीस वर्षांतच दुसरे महायुद्ध पेटले आणि युरोपातील आपल्या बांधवांवर काय ओढवले ते मी या सभागृहात सांगावयास नको. जर्मनी सोडलेले एक ज्यू गृहस्थ, हान्स मॉर्गेन्थाऊ, अमेरिकेत प्राध्यापक झाले आणि १९४८ मध्ये त्यांनी राष्ट्रांच्या राजकारणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या विचाराचा मला समजलेला सारांश असा की, राष्ट्र काय बोलते यापेक्षा त्याचे हित कोठे आहे आणि बळ किती आहे हे आधी पाहावे. सर्वच अभ्यासकांना हे मान्य नाही. करार, व्यापार आणि संस्था यांनी राष्ट्रांना वळण लागते असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. मला दोन्ही पक्ष अर्धे-अर्धे पटतात.

मी मुंबईत चार आणि येथे सदतीस वर्षे वॉर्डात काढली. वॉर्डात दोन परिचारिकांचे भांडण झाले तर मेट्रन असते. मेट्रन चुकली तर तिच्यावर अधीक्षक असतो. राष्ट्रांच्या वॉर्डात मेट्रन नाही. हे एक वाक्य ध्यानात ठेवले तर या विषयाचा निम्मा भाग हाती आला असे समजावे. आपण म्हणाल, संयुक्त राष्ट्रे आहेत ना? आहेत. १९४५ पासून आहेत आणि आज त्यांचे १९३ सदस्य आहेत. पण त्यांच्या आमसभेचे ठराव बहुतांशी शिफारशीच असतात, आणि ज्या सुरक्षा परिषदेच्या निर्णयाला बंधन आहे तिच्या १५ सदस्यांपैकी ५ कायम सदस्यांना नकाराधिकार आहे. म्हणजे पाच ज्येष्ठ सिस्टर्स अशा की त्यांतील एकीने मान हलवली तरी काम थांबते.

आता मान्यतेकडे येऊ. देश कशाला म्हणावे? १९३३ मध्ये उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरी झालेल्या करारात याची चार लक्षणे दिली आहेत : कायम राहणारी प्रजा, ठरलेला भूप्रदेश, शासन आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची क्षमता. त्याच करारात असेही म्हटले आहे की देशाचे राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नाही. कागदावर हे ठीक आहे. मूल जन्मले की ते आहेच. जन्मदाखला नसला म्हणून काही ते नाहीसे होत नाही. पण दाखल्यावाचून त्याला शाळेत घालून पाहा.

मान्यतेतही पायऱ्या आहेत. १४ मे १९४८ रोजी इस्रायलची घोषणा झाली आणि काही मिनिटांतच अमेरिकेने मान्यता दिली. परंतु ती प्रत्यक्ष सत्ता चालविणाऱ्या शासनाची दखल घेण्यापुरती होती. संपूर्ण, विधिवत मान्यता प्रथम दिली सोव्हिएत संघाने, तीन दिवसांनी, १७ मे रोजी. अमेरिकेने ती जानेवारी १९४९ मध्ये दिली. पुढे याच सोव्हिएत संघाने १९६७ मध्ये आपल्याशी संबंध तोडले. जो सर्वांआधी आला तोच सोडून गेला. यावरून त्याचे प्रेम आधी खरे होते की खोटे, असा वाद घालण्यात अर्थ नाही. १९४८ मध्ये ब्रिटिशांना या भागातून घालवण्यात मॉस्कोचे हित होते, आणि १९६७ मध्ये ते अरब देशांच्या बाजूस होते.

मान्यता केवळ देशांनाच लागते असे नाही, आणि येथे मी थोडी माझ्या पेशाकडे वळते. आपल्या रुग्णवाहिकेवर लाल मागेन डेव्हिड असतो. युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांवर कोणी गोळी झाडू नये यासाठी १८६४ च्या जिनिव्हा करारात लाल क्रॉसचे चिन्ह ठरले. तुर्कांनी लाल चंद्रकोर वापरली, इराणने लाल सिंह आणि सूर्य. १९२९ मध्ये त्यांनाही करारात जागा मिळाली. १९४९ मध्ये आपल्या प्रतिनिधींनी आपल्या लाल चिन्हासाठी मागणी केली आणि ती थोडक्या मतांनी फेटाळली गेली. परिणाम असा झाला की मागेन डेव्हिड आदोम ही संस्था आंतरराष्ट्रीय चळवळीच्या बाहेर राहिली. रक्त तेच, पट्टी तीच, जखमी माणूस तोच. चिन्ह मात्र मान्य नाही. माझी नोकरीची बहुतेक वर्षे या स्थितीत गेली. अखेर डिसेंबर २००५ मध्ये कोणत्याही धर्माशी नाते नसलेले एक चौथे चिन्ह, लाल स्फटिक, मंजूर झाले आणि जून २००६ मध्ये आपली संस्था सदस्य झाली. त्याच वेळी पॅलेस्टिनी रेड क्रेसेंटलाही सदस्यत्व मिळाले. एकाच दरवाजाने दोघे आत गेले. राजकारण असेही सुटते : कोणी हरले नाही असे दोन्हीकडे म्हणता येईल अशी एक चौकट शोधली जाते. अशी चौकट सापडण्यास सत्तावन्न वर्षे लागली, एवढेच.

आता भारत. आपल्यातील बहुतेकांचे कान येथे टवकारले जातील हे मी जाणते.

आपल्या घरांतून या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे मी लहानपणापासून ऐकली आहेत. पहिले असे की भारताने आपल्याला दूर लोटले. दुसरे असे की भारताचे मन आपल्याकडेच होते, पण बिचाऱ्याचा नाइलाज झाला. ही दोन्ही उत्तरे माणसांना लागू पडतात, राष्ट्रांना नाही.

१९४७ मध्ये पॅलेस्टाईनचा विचार करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी अकरा देशांची समिती नेमली. तीत भारत होता. फाळणी न करता एकच संघराज्य करावे असे भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तीन देशांचे मत पडले. बहुमत फाळणीच्या बाजूस गेले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी आमसभेत ३३ विरुद्ध १३ मतांनी ठराव संमत झाला, १० तटस्थ राहिले. त्या तेरांत भारत होता. ही तारीख पाहा. तीन महिन्यांपूर्वीच पंजाब आणि बंगालची फाळणी झालेली, आगगाड्या प्रेते घेऊन येत होत्या. धर्माच्या पायावर भूमी वाटण्याला त्या क्षणी दिल्लीने हात वर केला असता हे मला संभवत नाही. मी ज्यू आहे आणि तो ठराव झाला म्हणून आज येथे उभी आहे, तरीही हे मला समजते.

मे १९४९ मध्ये इस्रायलला संयुक्त राष्ट्रांत घेण्याच्या ठरावावरही भारताने विरुद्ध मत दिले. पण १७ सप्टेंबर १९५० रोजी मान्यता दिली. येथे माझ्या नातीचा प्रश्न उभा राहतो. मान्यता दिल्यावर दूतावास का नाही?

कारण मान्यता ही एक गोष्ट आणि संबंध ही दुसरी. मान्यता एकटा देश देऊ शकतो. राजनैतिक संबंध दोघांच्या संमतीने जुळतात. १९६१ च्या व्हिएन्ना करारात तसे स्पष्ट लिहिले आहे. मान्यता म्हणजे शेजारी राहावयास आला हे मान्य करणे. संबंध म्हणजे त्याला घरी बोलावणे, त्याच्या घरी जाणे. आणि या दोहोंच्या मध्ये एक ओटा असतो. त्याचे नाव वाणिज्य दूतावास, ज्याला आपण कॉन्सुलेट म्हणतो. तो व्हिसा देतो, व्यापाराची कागदपत्रे पाहतो, आपल्या नागरिकांची विचारपूस करतो. पण आपल्या देशाच्या वतीने दिल्लीच्या दरबारी बोलत नाही. १९५३ मध्ये इस्रायलला मुंबईत असा ओटा मिळाला. आपल्यातील कितीतरी कुटुंबे त्याच ओट्यावरून येथे आली. त्याच्या आधी, १९५२ मध्ये, इस्रायलच्या परराष्ट्र खात्याचे महासंचालक वॉल्टर एटन दिल्लीस जाऊन आले होते आणि दूतावासाची बोलणी झाली होती, पण ती सिद्धीस गेली नाहीत.

का गेली नाहीत, याची कारणे एकाहून अधिक आहेत आणि त्यांचा गुंता सोडवून प्रत्येकाचे वजन सांगणे मला जमणार नाही. काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत होता आणि अरब देशांची मते पाकिस्तानकडे जाऊ नयेत ही दिल्लीची काळजी होती. भारतातील मुसलमान समाजाच्या भावनांचा विचार होता. १९५५ मध्ये बांडुंग येथे आशिया-आफ्रिकेतील देश जमले तेव्हा इस्रायलला बोलावणेच नव्हते. १९५६ मध्ये सुएझसाठी इस्रायल ब्रिटन आणि फ्रान्सबरोबर युद्धात उतरला, आणि नुकत्याच मुक्त झालेल्या भारताला आपण जुन्या साम्राज्यांच्या पंक्तीत बसलेले दिसलो. पुढे नासर आणि नेहरू अलिप्त देशांच्या चळवळीत एकत्र आले. १९७३ नंतर तेलाचे भाव कडाडले, आखातात लक्षावधी भारतीय कामाला जाऊ लागले आणि त्यांचे पैसे घरी येऊ लागले. एका पारड्यात हे सारे आणि दुसऱ्या पारड्यात आपण. तराजू कोणाच्या बाजूस झुकेल ते कोणीही सांगेल.

पण गंमत अशी की पुढचे दार बंद असताना मागचे उघडे होते. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झाले तेव्हा इस्रायलने भारताला शस्त्रसामग्री दिली. १९७१ मध्येही दिली. १९७१ च्या डिसेंबरात मी मुंबईत नवशिकी सिस्टर होते. खिडक्यांना काळे कागद लावून आम्ही रात्रपाळी करीत असू, आणि ही गोष्ट आम्हांपैकी कोणाला ठाऊक असण्याचा संभव नव्हता. १९७७ च्या ऑगस्टमध्ये मोशे दायान परराष्ट्रमंत्री असताना गुप्तपणे भारतात जाऊन मोरारजी देसाईंना भेटले. ज्या माणसाच्या डोळ्यावरची काळी पट्टी साऱ्या जगाने पाहिली होती त्याने ओळख लपवून प्रवास केला! भेटीतून काही निष्पन्न झाले नाही. १९८२ मध्ये मुंबईच्या आपल्या वाणिज्यदूताने एका मुलाखतीत भारताच्या धोरणावर टीका केली म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. आणि १९८७ मध्ये डेव्हिस चषकाचा सामना खेळण्यासाठी इस्रायली टेनिसपटूंना दिल्लीचा व्हिसा मिळाला. मला टेनिस येत नाही.

आता नातीला दिलेल्या माझ्या उत्तराकडे येते.

१९७५ मध्ये मी यजमानांबरोबर येथे आले. आई थोरल्या भावाकडे ठाण्यास राहिली. १९८४ च्या पावसाळ्यात भावाची तार आली की आईची प्रकृती चिंताजनक आहे, निघून ये. आता ही रचना नीट पाहा. मुंबईत इस्रायलचा वाणिज्य दूतावास होता, म्हणून माझा भाऊ लोकलने जाऊन येथे येण्याचा व्हिसा मागू शकत होता. येथे मात्र भारताची कोणतीही कचेरी नव्हती. ओटा एकाच घराला होता. मला माझा अर्ज, पासपोर्ट आणि डॉक्टरच्या तारेची नक्कल टपालाने युरोपातील एका देशात असलेल्या भारतीय वकिलातीकडे पाठवावी लागली. पासपोर्ट पाठविल्यावर मी दुसरीकडेही कोठे जाऊ शकत नव्हते. मी रोज ड्यूटीवर जात होते. एका वृद्ध मोरोक्कन बाईला पलंगावर कूस बदलून देत असताना मनात येई की या घटकेस माझ्या आईची कूस कोण बदलत असेल. बदलणारी माझी भावजय होती. तिचे ऋण मी अजून फेडलेले नाही.

माझा अर्ज नाकारला गेला नाही, हे मी मुद्दाम सांगते. तो मंजूर झाला. व्हिसाचा शिक्का मारलेला पासपोर्ट माझ्या हाती आला तेव्हा आईला जाऊन एकोणीस दिवस झाले होते. शिवाचे सात दिवस मी येथेच जमिनीवर बसून काढले होते. त्या वकिलातीतील कारकुनाने नियम पाळला असेल. त्याच्यासमोर माझ्यासारखे आणखी अर्ज असतील. कित्येक वर्षे मी त्याच्यावर रागावले होते. पुस्तके वाचल्यावर कळले की मी ज्याच्यावर रागावले होते तो माणूस नव्हताच. ती बांडुंग, सुएझ, काश्मीर आणि तेल यांची बेरीज होती. राग कमी झाला असे मात्र मी म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या बेरजेवर रागावताही येत नाही, ही आणखी एक अडचण.

१९९१ मध्ये हे सारे इतक्या झपाट्याने पालटले की आम्हांला वॉर्डातूनही दिसले. जानेवारीत सद्दामची क्षेपणास्त्रे पडली आणि आम्ही रुग्णांना वायूचे मुखवटे चढवले. अमेरिकेच्या आग्रहावरून इस्रायलने उलट वार केला नाही. १९९० आणि १९९१ या दोन वर्षांत सोव्हिएत संघातून तीन लाखांहून अधिक लोक आले. आमच्या वॉर्डात झाडलोट करणारी एक बाई लेनिनग्राडला डॉक्टर होती, हे तिने नाडी कशी धरली त्यावरून मला कळले. ऑक्टोबरात मॉस्कोने आपल्याशी संबंध पुन्हा जोडले. त्याच महिन्याच्या अखेरीस माद्रिद येथे अरब प्रतिनिधी आणि इस्रायल एका टेबलाशी बसले. अरब स्वतः बोलू लागल्यावर भारताने अबोला धरण्याचे प्रयोजन उरले नाही. डिसेंबरात सोव्हिएत संघच राहिला नाही. भारताची परकीय चलनाची तिजोरी त्या वर्षी रिकामी होत आली होती आणि त्याला अमेरिकेची व पाश्चात्त्य भांडवलाची गरज होती. चीनने २४ जानेवारी १९९२ रोजी इस्रायलशी संबंध जोडले. भारताने पाच दिवसांनी, २९ जानेवारीस. नरसिंह रावांचे सरकार होते. त्याच महिन्यात यासर अराफत दिल्लीस येऊन गेले होते, आणि भारताने १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला दिलेली मान्यता काढून घेतली नाही. म्हणजे जुने देणे ठेवून नवे खाते उघडले. मला या निर्णयात चातुर्य दिसते. तो प्रेमाचा निर्णय होता असे आज कोणी व्यासपीठावरून म्हणाले तर मी मान हलवीत नाही. तराजू तोच होता. पारड्यांतील वजने बदलली होती. आणि जी वजने बदलली ती उद्या पुन्हा बदलू शकतात. आज दोन्ही देशांचे पुढारी एकमेकांना आलिंगन देतात तेव्हा आपल्या लोकांना गहिवरून येते. यावे, मलाही येते. पण त्या गहिवराच्या भरवशावर घरातील कागदपत्रे अपुरी ठेवू नयेत.

१९९३ मध्ये मी तेल अवीवमधील भारतीय दूतावासात अर्ज दिला आणि बसने गेले तशी बसने परत आले. मुंबईच्या विमानतळावर पासपोर्ट पाहणाऱ्या अधिकाऱ्याने जन्मस्थान वाचले आणि मराठीत विचारले, "बाई, अठरा वर्षांत एकदाही आला नाहीत?" मी म्हटले, "रस्ता बंद होता." तो म्हणाला, "कुठला रस्ता?" मागे रांग होती, म्हणून मी पुढे गेले. ठाण्यास भावाने आईच्या कबरीवरचा दगड धुऊन ठेवला होता.

नातीने हे सारे ऐकून घेतले आणि विचारले की परीक्षेत यातले काय लिहू. मी तिला तारखा लिहिण्यास सांगितले.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबते. परदेशी सैन्यात नोकरी केलेल्यांना भारताचे ओसीआय कार्ड मिळत नसे, आणि येथे तर आपली सर्व मुले-मुली सक्तीची सेवा करतात. जुलै २०१७ मध्ये भारताचे पंतप्रधान येथे आले तेव्हा सक्तीची लष्करी सेवा केलेल्यांनाही ते कार्ड देण्याची घोषणा त्यांनी तेल अवीवमध्ये केली. तरीही आपल्यातील अनेकांनी अजून अर्ज केलेले नाहीत, आणि ज्यांचे भाऊबंद तिकडे आजारी आहेत अशी तीन घरे या सभागृहातच मला ठाऊक आहेत. येत्या मंगळवारी सायंकाळी पाच वाजता मी याच ठिकाणी अर्ज भरण्यास मदत करावयास बसेन. आई-वडिलांचे जुने भारतीय पासपोर्ट, जन्मदाखले आणि सैन्यसेवेचे कागद असतील ते बरोबर आणावेत. झेरॉक्स दोन-दोन काढून आणाव्यात. येथील यंत्र पुन्हा बिघडले आहे.